सँडब्लास्टिंग कॅबिनेटची गन ग्रिट ओढत नाही. कॉम्प्रेसर मोठा घ्यावा का?

नऱ्हे गॅरेज

नमस्कार. नऱ्ह्यात माझं जुन्या स्कूटर पुन्हा उभ्या करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. चेतक, प्रिया, मधूनच एखादी लॅम्ब्रेटा. इंजिनचं केसिंग, हेड, कार्ब्युरेटरची बॉडी, ब्रेक ड्रम हे सगळं पूर्वी ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत दाणे (ग्रिट) मारून साफ करायला, बाहेर द्यायचो. परत आलेल्या मालात कधी गॅस्केट बसते ती कड खरवडलेली, कधी बेअरिंगच्या घरात ग्रिट अडकलेली. लॅम्ब्रेटाचं केसिंग एकदा खराब झालं की नाना पेठ पालथी घातली तरी तसं मिळत नाही. म्हणून स्वतःचं कॅबिनेट घेतलं. सक्शन टाइप आहे, म्हणजे गन स्वतः ग्रिट ओढून घेते: वर काच, दोन हातमोजे, खाली हॉपर (ग्रिटचं नरसाळं), हॉपरमधून होज (नळी) गनला, बाजूला डस्ट कलेक्टर. ८० नंबरचं ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतो. कॉम्प्रेसर ५ एचपी, बेल्टवाला.

अडचण अशी. पायडल दाबलं की पहिले काही सेकंद ग्रिट जोरात येते, मग नुसती हवा. थांबून पुन्हा दाबलं की परत थोडी येते, मग गचके. नोझल झिजलं असेल म्हणून नवं ६ एमएमचं सिरॅमिक नोझल आणून टाकलं, तर ओढ आणखी कमी झाली. जुन्या नोझलवर निदान काम होत होतं. हे कोडं मला सुटत नाहीये. टाकीच्या गेजवर ८ किलो दाब असतो, गनकडचा दाब ठरवणारा रेग्युलेटर ६ वर लावलेला आहे.

कॉम्प्रेसरवाला म्हणतो, हवा कमी पडते, १० एचपी घ्या. तेवढा खर्च करायचा, वर महावितरणकडून लोड वाढवून घ्यायचा. त्याआधी जाणकारांना विचारावं म्हटलं. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांची चेतक खोलून ठेवली आहे, केसिंग तसंच पडून आहे.

चाकण फिटर

दादा, पावसाळा आहे, आधी ग्रिट बघा. मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. ढेकूळ राहिलं तर ग्रिट ओली आहे. पत्र्यावर पसरून कडक उन्हात वाळवायची, ऊन नसेल तर हॅलोजनखाली, आणि चाळून परत भरायची. टाकीचा ड्रेन कॉक रोज सकाळी उघडता का? आमच्याकडे जुलैत हाच त्रास असतो.

हडपसर वर्कशॉप

८० नंबर फार बारीक होतं. नदीची वाळू चाळून घाला, दाणा जाड असतो, अडकत नाही. किमतीतही निम्म्याहून कमी पडते.

जुना टूलरूमवाला, भोसरी

आधी वाळूचं बोलतो, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं. नऱ्हेकर, वाळू कॅबिनेटमध्ये अजिबात घालू नका. हडपसरचे भाऊ, तुम्ही वापरत असाल तर आजच काढून टाका. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. लोखंडावर आपटून दाणा फुटला की डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक धूळ होते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे वण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध आजही नाही. आपल्या कामगार कायद्यात कळवायच्या रोगांच्या यादीत या रोगाचं नाव आहे, म्हणजे तो आढळला तर सरकारला कळवावं लागतं. कॅबिनेट बंद असतं, खरं आहे. पण दार उघडताना, चाळताना, डस्ट कलेक्टर रिकामा करताना ती धूळ तुमच्याच नाकात जाते. उमेदीच्या काळात आमच्या शेडला लागून एक फाउंड्री होती. तिथल्या फेटलिंगवाल्यांचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्यांचा, खोकला मी वर्षानुवर्षं ऐकलेला आहे. चार पैसे वाचवायला हा सौदा करू नका. आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड असलं तरी चाळताना मास्क लावाच, कारण त्यात जुना रंग, गंज, सगळं मिसळलेलं असतं.

आता ओढीचं. कॉम्प्रेसर घ्यायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की नवं नोझल टाकल्यावर ओढ आणखी कमी झाली. माझ्या मते तुमच्या सगळ्या लिखाणात कामाचं वाक्य हेच आहे. त्याच्याकडे परत येतो.

सक्शन गनमध्ये हवेची दोन भोकं असतात. आतलं बारीक, तो एअर जेट. बाहेरचं मोठं, ते नोझल. दोघांच्या मधे छोटी पोकळी आणि तिला खालून होज जोडलेला. जेटमधून हवा सुसाट सुटते, नोझलमधून बाहेर पडताना पोकळीतली हवा बरोबर ओढून नेते, पोकळीत दाब कमी होतो, म्हणून होजमधून ग्रिट वर येते. डास मारायच्या जुन्या फ्लिटच्या पंपात औषध जसं नळीतून वर चढतं, तसंच हे. म्हणजे ग्रिट ओढण्याचं काम कॉम्प्रेसर थेट करत नाही, गन करते. आणि गनचं सगळं गणित त्या दोन भोकांच्या नात्यावर चालतं: नोझलचा व्यास जेटच्या साधारण दुप्पट. ३ चा जेट तर ६ चं नोझल, ४ चा जेट तर ८ चं. नोझल फार मोठं झालं तर झोत पसरतो आणि जोर जातो. फार लहान पडलं तर जेटची हवा बाहेर निघायला जागा पुरत नाही, ती पोकळीत तुंबते आणि ओढ मरते. फारच लहान असेल तर ती उलटी होजमधून हॉपरकडे जाते.

म्हणून ओढ कुठे मरते ते अंगठ्याने शोधा. त्याला पैसे लागत नाहीत.

गनवरचा सक्शन होज काढा. कॅबिनेट बंद करून, हात मोज्यात घालून पायडल दाबा आणि गनच्या त्या उघड्या तोंडावर मोज्याचा अंगठा ठेवा. अंगठा जोरात खेचला गेला पाहिजे, काढताना झटका बसला पाहिजे. इथेच ओढ मिळमिळीत असेल तर दोष गनमध्ये आहे. हॉपर, ग्रिट, ऊन, पाऊस, कशाकडेही बघू नका. इथे ओढ चांगली असेल तर होज परत लावा, त्याचं दुसरं टोक हॉपरच्या पिकअप ट्यूबवरून (ग्रिट उचलणारी नळी) सोडवा आणि तिथे हात लावून बघा. गनजवळ चांगली आणि या टोकाला कमी, म्हणजे होजला भोक आहे किंवा क्लिप सैल आहे. ग्रिट होजला आतून खाते, आणि नेमकी वळणावर खाते. दोन्हीकडे ओढ चांगली आणि तरी ग्रिट येत नाही, तेव्हाच पिकअप आणि ग्रिटचा विचार करायचा.

एक सांगून ठेवतो. अंगठा फक्त सक्शनच्या तोंडावर. नोझलच्या तोंडावर मोज्यासकट सुद्धा बोट ठेवायचं नाही. दाबाची हवा कातडीखाली शिरली तर हात जाण्यापर्यंत प्रकरण जातं. होज तुंबला असेल आणि उलटी हवा मारायची असेल तर प्रेशर २ किलोवर आणा आणि नोझल जाड रबराच्या तुकड्यावर दाबून धरा. हवा होजमधून मागे जाईल, हॉपरमध्ये ग्रिट उकळल्यासारखी हलेल, गाठ निघून जाईल.

यानंतर ड्रिलच्या डब्याकडे जा. जेटच्या भोकात ड्रिलची मागची, गुळगुळीत बाजू घालून बघा. ३ ची जाते, ३.५ ची जाते, ४ ची जाते? जुनं नोझल फेकलं नसेल तर तेही मोजा. तिसरं, पायडल दाबलेलं असताना रेग्युलेटरचं गेज बघा. बंद असताना ६ दिसण्याला काही अर्थ नाही, हवा वाहताना किती राहते ते लिहा. आणि कॉम्प्रेसरपासून गनपर्यंत पाईप कुठला आहे तेही लिहा. मापं आल्याशिवाय मी कोणालाही एक रुपया खर्च करायला सांगत नाही.

काचकाम, कोथरूड

मी काचेवर नक्षी करते, माझंही कॅबिनेट सक्शनचं आहे, म्हणून पिकअपबद्दल लिहिते. काकांनी गनचं सांगितलंच आहे.

पिकअप ट्यूबला ग्रिटबरोबर थोडी हवाही लागते. काही ट्यूबला वरच्या बाजूला बारीक भोक असतं, काहींना आत दुसरी नळी असते. ही वाट बुजली तर ट्यूब ग्रिटमध्ये पूर्ण गाडली जाते, पहिल्या दणक्यात समोरची ग्रिट येते आणि मग काहीच नाही. तुमच्या ‘पहिले काही सेकंद जोरात’ या वर्णनात हेही बसतं. उलट हवेची वाट जास्त उघडली की गन हवाच पीत बसते. ते भोक तारेने साफ करा आणि काम चालू असताना थोडं थोडं झाकून, उघडून बघा. झोत सलग येतो अशी एक जागा सापडते, तिथे खूण करून ठेवा. माझ्या ट्यूबवर मी तिथे ॲल्युमिनियमची टेप गुंडाळली आहे.

होज जितका आखूड तितका बरा. मधे झोळ पडू देऊ नका. पायडल सोडलं की वर चढलेली ग्रिट त्या झोळात साठते आणि पुढच्या वेळी गचका देते. मी बोहरी आळीतून जाळीदार पारदर्शक पीव्हीसी होज आणला. तो रबरापेक्षा लवकर झिजतो हे मान्य, पण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि दोष शोधायचा असेल तेव्हा त्यासारखं काही नाही.

आणखी एक: डस्ट कलेक्टरला यात दोष देऊ नका. हॉपर आणि गन दोन्ही एकाच बंद पेटीत आहेत, त्यामुळे पेटीतला दाब कमी-जास्त झाला तरी ग्रिट चढण्यावर फारसा फरक पडत नाही. कलेक्टरची पिशवी तुंबली की काच धूसर होते आणि दाराच्या फटीतून धूळ बाहेर येते, तो वेगळा त्रास आहे. ओळखायला सोपं: कलेक्टर नीट चालू असेल तर मोजे आतल्या बाजूला फुगून उभे राहतात. ते बाहेर येऊ लागले तर पिशवी झटका.

नऱ्हे गॅरेज

टूलरूम काका, कोथरूडच्या ताई, चाकणचे दादा, मनापासून आभार. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, शांतपणे सगळं तपासलं.

ग्रिट कोरडी आहे, मुठीत ढेकूळ झालं नाही. होज काढून गनला अंगठा लावला, ओढ अगदी किरकोळ. म्हणजे काका म्हणतात तसं गनमध्येच. जेटमध्ये ४ च्या ड्रिलची शँक (मागची बाजू) आरामात गेली, ४.५ ची गेली नाही. कॅबिनेटबरोबर आलेल्या कागदावर जेट ३ एमएम आणि नोझल ६ एमएम लिहिलेलं आहे. जुनं नोझल भंगारच्या डब्यात सापडलं, त्यात ८ ची शँक जाते. तोंडही गोल राहिलेलं नाही, एका बाजूला खाल्लेलं आहे.

पायडल दाबल्यावर रेग्युलेटरचं गेज ६ वरून थेट साडेतीनवर येतं आणि हळूहळू आणखी उतरत जातं. पाईप निळा पीयूचा (प्लॅस्टिकचा), ८ एमएम, तोच वेटोळेवाला स्प्रिंग पाईप, कॉम्प्रेसरपासून गनपर्यंत.

जुना टूलरूमवाला, भोसरी

हेच हवं होतं मला. तुमचं कोडं सुटलं बघा.

जेट ३ चा होता, तो ४ चा झाला. नोझल ६ चं होतं, ते ८ चं झालं. दोघं बरोबरीने झिजत गेले, त्यामुळे दुपटीचं नातं टिकून राहिलं आणि जुन्या नोझलवर काम होत होतं. तुम्ही नोझल नवं ६ चं टाकलंत आणि समोर जेट राहिला ४ चा. दुप्पट हवं तिथे दीडपट झालं, हवा आत तुंबली आणि ओढ गेली. नोझल बरोबरच आणलंय तुम्ही. जेट बदलायचा राहिला आहे.

जेटमधून फक्त हवा जाते, तो कशाला झिजेल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचं टोक पोकळीत असतं आणि तिथे ग्रिट घुमत असते. नोझलपेक्षा हळू, पण तो टोकाकडून खाल्ला जातोच. म्हणून नोझल बदलताना दर वेळी जेट मोजायचा. माझा नियम असा आहे की नोझल मूळ मापापेक्षा दीड एमएमने वाढलं की काढायचं, मग ते अजून काम करत असलं तरी. सिरॅमिक स्वस्त पण लवकर जातं. तुमचं काम रोजचं असेल तर पुढच्या वेळी टंगस्टन कार्बाइड घ्या, बोरॉन कार्बाइड त्याहून टिकतं. पडलं तर मात्र दोन्ही फुटतात, जपून वापरा.

आता कॉम्प्रेसर. भोकाचा व्यास ३ चा ४ झाला की वाढ थोडी दिसते, पण हवा क्षेत्रफळावर जाते. ९ ला १६, म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त. साडेपाच किलोवर ३ एमएमचा जेट साधारण १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा पितो, ४ चा ३० च्या वर. ५ एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरच्या पाटीवर १८-२० च्या आसपास लिहिलेलं असतं, पण ते पिस्टनच्या हालचालीचं माप. प्रत्यक्ष टाकीत येते त्याची तीन चतुर्थांश, धरा १४-१५. मग ४ च्या जेटला तो कसा पुरणार? तुमच्या कॉम्प्रेसरवाल्याचं हवा कमी पडते हे निदान खोटं नव्हतं, पण ती कमी का पडते हे त्याने बघितलं नाही. १० एचपी घेतला असतात तरी नोझल-जेटचं दीडपटीचं नातं तसंच राहिलं असतं आणि गनने ग्रिट ओढलीच नसती.

३ चा जेट टाकलात की ४ किलोला साधारण १४ सीएफएम लागेल. म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरवर ४ किलोला सलग काम होईल. ॲल्युमिनियमच्या केसिंगला ४ किलो भरपूर आहे, जास्त मारलं तर कडा खाल. लोखंडी ड्रमला साडेपाच लावा आणि मधे टाकी भरू द्या.

पाईप बदला, हे जेटइतकंच महत्त्वाचं. ८ चा पीयू पाईप बाहेरून ८ असतो, आतून ५ ते साडेपाच. वेटोळेवाला सरळ केला तर किती लांब भरतो ते मोजून बघा. त्यातून १५ सीएफएम काढायची म्हणजे निम्मा जोर वाटेतच संपतो. अर्धा इंची रबरी होज घ्या, सरळ आणि आखूड. बारीक भोकाचे क्विक कपलर असतील तर तेही काढा. गेज शक्य असेल तर कॅबिनेटच्या तोंडाशी बसवा.

नवा जेट बसवताना एक काम करा. बहुतेक गनमध्ये जेट आट्यांवर पुढे-मागे होतो आणि चेकनटने आवळला जातो. टोक नोझलच्या फार आत गेलं किंवा फार मागे राहिलं तरी ओढ कमी होते. होज काढून, सक्शनच्या तोंडाला अंगठा लावून, पायडल सोडून अर्धा अर्धा आटा फिरवत जा आणि दर वेळी ओढ बघा. सगळ्यात जास्त खेच जिथे लागेल तिथे चेकनट आवळा.

हडपसर वर्कशॉप

काका, वाळू काढून टाकली. आमच्याकडे कामाला दोन पोरं आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं मनाला लागलं. भरायला काय घेऊ? माल बहुतेक लोखंडी ब्रॅकेट आणि पाईप आहे.

जुना टूलरूमवाला, भोसरी

फार चांगलं केलंत. लोखंडाला ६० किंवा ८० नंबरचं ॲल्युमिनियम ऑक्साइड. महाग दिसतं, पण चाळून चाळून पुष्कळ वेळा फिरतं, त्यामुळे शेवटी वाळूच्या मानाने महाग पडत नाही. स्टील ग्रिट सक्शन गनला जड पडते, त्याला प्रेशर पॉटवालं, म्हणजे ग्रिटच्या टाकीतच दाब देणारं, मशीन लागतं. ॲल्युमिनियमला चकाकी हवी असेल तर ग्लास बीड. ती काच असली तरी तिच्यात मोकळं क्वार्ट्झ नसतं. पोरांची छाती एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, एक्स-रेसकट. किती दिवस वाळू वापरली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नऱ्हे गॅरेज

काका, जेट ३ चा मिळाला, अर्धा इंची होज टाकला. अंगठा लावला तर खरंच झटका बसतो. वाहताना गेज आता ४ वर स्थिर राहतं. ताईंनी सांगितलेलं पिकअपचं भोक अर्धं बुजलेलं होतं, तेही साफ केलं. चेतकचं एक केसिंग पूर्ण झालं, कड शाबूत आहे.

एक प्रश्न उरला आहे. साधारण अर्धा तास सलग काम केलं की नोझलमधून पाण्याचे बारीक थेंब येतात आणि त्यानंतर ग्रिट अडकायला लागते. वॉटर सेपरेटर आहे, अगदी कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावलेला आहे.

चाकण फिटर

बघा, पाणी आलंच शेवटी!

जुना टूलरूमवाला, भोसरी

चाकणकरांचं बरोबर आहे, त्यांचा मुद्दा फक्त दुसऱ्या नंबरला होता.

सेपरेटर चुकीच्या जागी आहे. सलग काम चालू असताना कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा गरम असते. गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात असतं, ते सेपरेटरमधून सरळ पुढे निघून जातं आणि पाईपमध्ये गार झाल्यावर थेंब होतात. पुण्याच्या पावसाळी हवेत तुमच्या मापाचा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी सुटतं. ते कुठेतरी जाणारच.

कॉम्प्रेसरपासून भिंतीवरून २५ फूट तरी लोखंडी जीआय पाईप फिरवा, त्यात हवा गार होईल. पाईपला पुढच्या बाजूला थोडा उतार द्या. कॅबिनेटसाठी फाटा काढायचा तो पाईपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवा, खालून थेट काढलात तर पाणी त्यातच उतरेल. मुख्य पाईपच्या शेवटी एक खालची दांडी आणि तिला ड्रेन कॉक. सेपरेटर कॅबिनेटच्या अगदी जवळ, होजच्या आधी. पीव्हीसीचा पाण्याचा पाईप हवेसाठी वापरू नका, फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

शेडचा भिंतीकडचा फोटो टाका. कॉम्प्रेसर आणि कॅबिनेट एकाच भिंतीला असतील तर पाईप वर नेऊन दोनदा फिरवावा लागेल, तो कसा ते काढून दाखवतो.